पल्याडच्या घावाची जागा

वाघजाळीच्या देवळापुढे ढोल वाजवायला जमणाऱ्या मंडळींत मी पहिल्यांदा झांज घेऊन बसले, तेव्हा आधी खटकलं ते एवढंच, की सगळ्यांचे हात एकाएकी वरच थांबले. माझी झांज तेवढी त्या शांततेत एकटी खणकली. मी इतकी दचकले की ती मांडीवरच पडली.

"अगं पोरी, ती जागा तुझी न्हवं," भागोजीतात्या म्हणाले. "पल्याडची हाय."

"शहरातली माणसं तात्या, रिकामी जागा दिसली की बसायचं!" मागून एक ढोलवाला म्हणाला आणि सगळे हसले.

वाघजाळीत एक घाव वाजवतात, एक सोडतात, पुन्हा एक वाजवतात. सोडताना तोंड दरीकडे. असं का, ते तात्यांनी सांगितलं.

पूर्वी दरीपलीकडे पल्याडवाडी होती. मधल्या ओढ्यावर लाकडी साकव. लावणीची कामं उरकली की दोन्ही वाड्या दिवेलागणीला आपापल्या काठावर ढोल घेऊन बसत. इकडून हाक वाजायची, तिकडून जबाब यायचा. एके वर्षी पल्याडवाडीत पटकी शिरली. वाघजाळीकरांनी भीतीने साकव तोडला. ओढ्यात पाणी मावत नव्हतं, त्यामुळे येणंजाणं संपलंच. ठकूबाईची एकुलती लेक बायजा पल्याड दिलेली होती. साकवाचे वासे वाहत गेले ते ठकू काठावर उभी राहून बघत होती, म्हणे.

हाक मात्र चुकवायची नाही असं ठरलं. रोज इकडून ढोल वाजत आणि रोज जबाबातला एखादा ढोल कमी होई. मग एका संध्याकाळी काहीच ऐकू येईना. वाघजाळीकर घाबरले, आणि घाबरले तसे जोरात वाजवू लागले. सगळे ढोल एकदम, दम खायलाही न थांबता. थांबलो तर पलीकडची शांतता ऐकावी लागेल, ही धास्ती. शेवटी ढोलकऱ्यांचा म्होरक्या राणोजी म्हणाला, "पल्याड कुनी उरलं न्हाय. उद्यापास्नं हाक बंद."

ठकू बायकांतून उठली. "तुमी गप बसलात कवा, म्हून तुमाला कळलं?"

"खाली बस, ठकू. ढोलाला बाईनं हात लावायचा नसतो."

"मग तुमचे हात काढा. माझी लेक ऐकू येऊ द्या."

असं सांगतात, की राणोजीने वाद घातला नाही. गळ्यातला ढोल उतरवून त्याने तिच्यापुढे ठेवला. लेकीचा शेवटचा ढोल हिनंच वाजवून घ्यावा, असं त्याच्या मनात असावं.

ठकूला हाकेचा ठेका येत नव्हता. तिच्या हाताला एकच ठेका ठाऊक, भात कांडायचा. एका उखळात मायलेकींची दोन मुसळं, एक घाव आईचा, एक लेकीचा. तिने ढोलावर आपला घाव घातला आणि लेकीचा मोकळा सोडला. पुन्हा घातला, पुन्हा सोडला. त्या मोकळ्या जागेत नुसतं ओढ्याचं पाणी वाजत होतं. अंधार दाटला. बायका तिला धरून घरी न्यायला आल्या, तरी ती हलेना.

पुढे पाणी ओसरलं, नवा साकव घातला, तेव्हा पल्याडवाडीत दार उघडायला कोणी नव्हतं. बायजाही नव्हती. आता तर तिथल्या घरांची जोतीसुद्धा रानात सापडत नाहीत. आजही वाघजाळीत ढोलावरचा पहिला घाव बाईच्या हातचा असतो आणि दुसरा कोणीच वाजवत नाही. तो कुणी तिकडून वाजवेल असं कोणालाही वाटत नाही. तात्यांनाही नाही.

"मग थांबता कशाला?" मी विचारलं.

"तवा तरी कुनाला वाटत हुतं?" तात्या म्हणाले.

त्या संध्याकाळी ठकूचे हात पार भरून आले होते. शेवटचा घाव तिच्या हातून धड पडलाही नाही, पंजा नुसता चामड्यावर टेकला. तरी तिने सवयीने पुढची जागा सोडली. आणि म्हणे, त्याच जागेवर, जराही पुढेमागे न होता, पलीकडच्या काळोखातून एक घाव पडला.