एका टोपलीची जागा

तळ्याच्या बांधावरून चालत गेलं की मधोमध एक खाच लागते. बरोबर टोपलीभर माती मावेल एवढी. पाहुणे विचारतात, एवढी का बुजवत नाही? मग देवीपुढे दिवा लावून झालेल्या सरूआत्या देवळाच्या पायरीवर टेकतात आणि सांगू लागतात.

फार मागं, म्हणे, पावसानं रीत सोडली. मृग कोरडा जायचा आणि हस्त उभी बाजरी कुजवायचा. पुरुष घाटाखाली कामाला जायचे. मागं बायका, आणि डोक्यावर दोन कोसांवरच्या झऱ्याचे हंडे. शेवटी गावानं तळं बांधायचं ठरवलं. माती बायकांनी वाहायची, आणि पहिलं पाणी त्यांच्या हंड्यांना, मग शेताला. गावच्या बहिर्जी पाटलानं देवीसमोर बेलभंडारा उचलून तसा शब्द दिला. त्याच्या बायकोनं, केसरनं, तळं भरेपर्यंत एकवेळ जेवायचं व्रत धरलं.

तीन उन्हाळे माती वाहून केसरची मान आखडली. मागं बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे. "पाटलीणबाई आता कुणाकडं बघत नाहीत बाई," म्हणून बायका थट्टा करत, आणि तीही हसे.

तळं भरलं. केसरनं देवीची ओटी भरून व्रत सोडलं. पण पुढच्या पावसाचा भरवसा कुणाला? बहिर्जीनं शेताकडचा पाट उघडला आणि पाण्याभोवती बाभळीचे काटे लावले. ज्वारी हाती येईपर्यंत कुणी हंडा बुडवायचा नाही. केसरनं दिल्या शब्दाची आठवण करून दिली, तर म्हणाला, "यंदाचं पीक तरू दे. तुम्हा बायकांना झऱ्याची सवय आहेच की."

सकाळी केसर टोपली घेऊन बांधावर चढली आणि आपली एक टोपली माती काढून घेतली. मग बाकीच्याही आल्या. ज्या मातीनं बांध उभा राहिला, तीच एकेक टोपली परत. पाणी वाहू लागलं, पण देवीची कृपा अशी, की बांध फुटला नाही. मागून बहिर्जी हाका मारत होता. केसर वळली नाही. तळ्यातलं पाणी पाटाच्या तोंडाखाली उतरलं, तेव्हाच ती थांबली. उरलं ते फक्त हंड्यांचं. ज्वारी वाळली, केसरच्या घरचीही.

पुढच्या वैशाखात बहिर्जीनं स्वतः काटे उपसले आणि पहिला हंडा भरून तिच्या उंबऱ्याशी ठेवला. पुरुषांनी खाच भरत आणली. शेवटची टोपली राहिली, तेव्हा केसर म्हणाली, "ही माझी. भरवसा बसला की मीच आणून टाकीन."

तिनं ती टाकली नाही, असं सांगतात.

आजही पाट उघडण्याआधी पुरुष घरोघरी पहिला हंडा आणून ठेवतात. मग गावातली थोरली बाई टोपली घेऊन खाचेपाशी जाते, जराशी थांबते, आणि टोपली तशीच घरी आणते. पावसाचं तर हल्ली पुन्हा तसंच झालंय. पण सरूआत्या एक गोष्ट आवर्जून सांगतात. टोपली रिकामी कधीच नेत नाहीत; दरवर्षी मातीनं भरूनच नेतात.