आवडू गुरविणीचा कौल

फार वर्षांपूर्वी, खाडीपल्याड जायला होडीशिवाय वाट नव्हती तेव्हा, तळकोंड गावात आवडू गुरवीण राहायची. नवरा गेल्यावर भैरीच्या देवळातली पूजा तिच्याकडे आली. कौलही तीच लावायची. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. साऱ्या गावाचा त्यावर भरवसा होता, आवडूचाही होता.

एका वर्षी गुरं पटापट मरायला लागली. कुणीतरी तानूचं नाव घेतलं. तानू एकटी बाई, लेक सासरी गेलेली, गावाच्या टोकाला राहणारी.

"तिनं करणी केली का, देवाला विचार," धाकू खोत म्हणाले.

आवडूनं कळ्या लावल्या. उजवी पडली. माणसं तानूला वेशीबाहेर काढायला उठली. तानू रडली नाही. एवढंच म्हणाली, "आवडू, तुझ्या बाळंतपणात मीच उशाशी बसले होते गो."

आवडूचा हात देवाच्या खांद्यावर तसाच राहिला, आणि त्या हाताला वारा लागला. उजव्या अंगाच्या झरोक्यातून तो येत होता.

तिनं लोकांना थांबवलं. पुन्हा कळ्या लावल्या. "करणी मी केली का?" उजवी पडली. "खोतदादांनी केली का?" तरी उजवीच. मग तिनं झरोक्यात घोंगडी कोंबली आणि तानूचं नाव घेतलं. या वेळी डावी पडली.

माणसं झरोक्यापाशी गोळा झाली.

"म्हणजे देव नाहीच म्हणतेस?" खोतांनी विचारलं.

"ते मला ठाऊक नाही. उजवी कळी वाऱ्यानं सुकून पडते, एवढं आपण सगळ्यांनी पाहिलं. तेवढ्यावर मी तानूला जाऊ देणार नाही."

तानू गावातच राहिली. पण आवडूला चैन पडेना. इतकी वर्षं आपण बोलत होतो ते कुणाशी? एका सकाळी झरोका बंद करून ती एकटीच देवासमोर बसली. "तू आहेस का?" असं विचारून तिनं कळ्या लावल्या.

असं म्हणतात, त्या कळ्या पडल्याच नाहीत. दुपार झाली, दिवस गेले, पावसाळा सरला, आणि असं म्हणतात, दोन्ही कळ्या देवाच्या खांद्यांवरच उमलल्या. काही म्हणाले, देवानं उत्तर दिलं. काही म्हणाले, बाईनं फणसाचा चीक लावला असणार.

आवडूला विचारलं की ती म्हणायची, "उजवी पडली नाही, डावीही पडली नाही. मी पाहिलं ते एवढंच." पूजा मात्र तिनं शेवटपर्यंत केली.

आजही तळकोंडात माणसाचं नाव घेऊन कौल लावत नाहीत. जत्रेच्या आदल्या दिवशी सगळा गाव देवळाच्या अंगणात 'आवडूचा वाद' घालायला बसतो. देव आहे म्हणणारे एका बाजूला, नाही म्हणणारे दुसऱ्या. आवाज चढतात, पण ऐकीव गोष्ट सांगायला मनाई. दुपारी वाद असेल तिथं थांबतो आणि सगळे एका पंगतीला बसतात. तानूच्या वंशातल्या बायका पेज वाढतात, आणि पहिलं वाढप देव नाही म्हणणाऱ्याच्या द्रोणात पडतं; आवडूनं कौलावर शंका घेतली म्हणून तानू वाचली, असं त्या म्हणतात.