मचवा आणि चपट्या बुडाची डोंगी

फार मागे, होड्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. खाडीकाठच्या हिरूबाईकडे एक मचवा होता. त्याच्या बुडाला खोल कणा होता, म्हणून भर समुद्रात तो डोलायचा, पण उलटायचा नाही. शेजारी बांधलेल्या चपट्या बुडाच्या डोंगीला तो हसायचा. "बूड म्हणावं की पोळपाट? एका लाटेत पालथी होशील, बये!"

"होईन की! म्हणून तर मी समुद्रात जात नाही," डोंगी म्हणायची.

एकदा घरी येताना मचव्याने जवळची वाट म्हणून उथळ पाण्यात तोंड घातलं. शहाणपणा नडला. ओहोटी लागली, कणा चिखलात रुतला आणि अंग एका कुशीवर झुकू लागलं. पुरता आडवा पडलो, तर उठायच्या आधीच भरतीचं पाणी पोटात शिरेल, हे त्याला कळत होतं. खोल बुडाचे त्याचे सगळे सोबती लांबूनच हळहळत राहिले.

तेवढ्यात चिखलावरून डोंगी सरसरत आली. हिरूबाई एक गुडघा डोंगीत टेकून दुसऱ्या पायाने तिला ढकलत होती. आत दोन जाड टेकू होते.

"लवकर ये गं, माझे आई!" मचवा कळवळला.

"आले रे. हलू नकोस नुसता."

हिरूबाईने टेकू लावले. भरती आली आणि मचवा सरळ उभा तरंगला.

पावसाळ्याआधी हिरूबाई होड्यांना तेल द्यायला आली आणि सवयीने मचव्याकडे वळली.

"आधी तिला दे," मचवा म्हणाला. "माझ्या फळ्या आज जागेवर आहेत, त्या तिच्या चपट्या बुडामुळे."