गुडघ्याशी उभी राणी

मामलेदारकी संपली तरी विश्वासरावांची हुकूम सोडायची खोड काही गेली नव्हती. आमच्या द्वारकावन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, या आपल्या नवऱ्याबरोबर इजिप्त बघायला गेल्या, तर नाईल नदीच्या बोटीवरही विश्वासरावांचं तेच. "चहा आण, टोपी दे, ऊन लागतंय, खिडकी लाव."

दुसऱ्या दिवशी जुन्या राजांची थडगी बघायची होती. आतली रंगीत चित्रं बघायची वन्संना भारी हौस. पण विश्वासराव म्हणाले, "पायऱ्या फार आहेत. मी येणार नाही, आणि मी नाही म्हणजे तूही नाही."

आदल्या संध्याकाळी नदीकाठच्या देवळात गाईडनं एक भलाथोरला दगडी राजा दाखवला. सिंहासनावर ऐसपैस बसलेला, आणि पायाशी त्याच्या गुडघ्याएवढीच राणी. झालं! विश्वासरावांनी सगळ्या मंडळींसमोर काठी रोखली.

"बघ द्वारके! हजारो वर्षांपूर्वीच ठरलंय, बायकोची जागा नवऱ्याच्या गुडघ्याशी! आता उद्याचं नाव काढू नकोस."

वन्संनी पुतळा खालून वर नीट न्याहाळला.

"खरंच की हो," त्या म्हणाल्या. "पण राजा बसलाय आणि राणी उभी आहे. तेव्हा उद्या तुम्ही राजासारखे बसून राहा, मी निघते!"

मंडळी पोट धरधरून हसली. विश्वासरावांनी रोखलेली काठी हळूच खाली घेतली.

सकाळी वन्सं धक्क्यावर आल्या, तर कानटोपी चढवून, काठी घेऊन विश्वासराव आधीच हजर.

"अहो, आणि पायऱ्या?"

"राजा उठलाय," ते म्हणाले. "खांदा दे आणि चल."