डोंगरी रोग्याचा धडा

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा वैद्य पायी हिंडत आणि राजेसुद्धा त्यांना उठून नमस्कार करीत.

अशा एका राज्यात एक मोठी वैद्यशाळा होती. राज्याचा निम्मा मुलूख डोंगराळ, म्हणून राजाने हुकूम काढला होता, की दरवर्षी डोंगरातली दोन मुले शाळेत घ्यायची. मुले येत आणि वर्ष-दीड वर्षात परत जात. दहा वर्षे झाली तरी डोंगरातला एकही वैद्य तयार झाला नाही.

शेवटी राजाने आपल्या म्हाताऱ्या राजवैद्यांना बोलावले. "शाळेत जाऊन बघा. आमच्या डोंगरातल्या माणसांविषयी तिथे काय शिकवतात आणि डोंगरातली मुले का टिकत नाहीत, ते मला सांगा."

राजवैद्य खुशीत निघाले. डोंगरी रोग्यांवरचा धडा त्यांनीच तरुणपणी लिहिला होता. त्यात खोट असेल असे त्यांच्या मनातही आले नाही. मुलेच कच्ची असणार, असे त्यांना वाटले.

ते पोहोचले त्या दिवशी सुकरीची शेवटची परीक्षा होती. डोंगरातून आलेली ही एकटीच मुलगी चार वर्षे टिकली होती. आज नापास झाली, तर तिला गाठोडे बांधून घरी जावे लागणार होते.

परीक्षेसाठी आणलेला रोगीही डोंगरातलाच होता. मध गोळा करणारा माणूस, घोंगडी पांघरून पोट धरून बसलेला. सुकरीने त्याला पाणी दिले, नाडी पाहिली आणि एक शब्दही न विचारता ती खोलीबाहेर गेली.

"झालं! रोग्याला सोडून पळाली," परीक्षा घेणारे आचार्य हसून म्हणाले. त्यांनी पोथी उघडली. "धडा काय सांगतो? डोंगरी रोगी आजार लपवतो. त्याला एकट्याला आत घ्यावे. तीनदा विचारावे. चौथ्यांदा दरडावावे. राजवैद्य, ही तुमचीच वाक्यं."

राजवैद्यांनी मान डोलावली. तरुणपणी ते चार दिवस डोंगरात राहिले होते. त्यांनी अकरा रोग्यांना विचारले होते आणि अकराही जण गप्प बसले होते.

आचार्यांनी रोग्याला तीनदा विचारले, चौथ्यांदा दरडावले. रोगी खाली बघत राहिला.

"अपचन दिसतंय. एरंडेलाचा जुलाब द्या," आचार्य म्हणाले.

"नका देऊ!" सुकरी धावत आत आली. "तो कड्यावरून पडलाय. बरगडी मोडलीय. जुलाब दिलात तर कुंथून कुंथून जीव जाईल त्याचा."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्याच्या बहिणीनं. दारात बसलीय."

"रोगी सोडून दारातल्या बाईला विचारायचं? नापास!"

राजवैद्यांनी रोग्याच्या पाठीवरची घोंगडी हलकेच बाजूला केली. डाव्या बरगडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग होता.

ते तडक दाराशी गेले आणि त्या बाईसमोर पायरीवर बसले.

"बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगू? तीन दिवस बसलेय इथं. शिपाई म्हणतो, रोग्याशिवाय कुणी आत नाही. तुमचे वैद्य मला ओलांडून जातात. उंबरा ओलांडताना तरी खाली बघतात!"

"पण तुमचा भाऊ स्वतः का बोलत नाही?"

लहान पोराकडे बघावे तसे बाईने त्यांच्याकडे बघितले. "आपलं दुखणं आपल्याच तोंडानं कसं सांगायचं, बाबा? तोंडातून काढलं की ते अंगात घर करतं. ते सोबतच्या माणसानं सांगायचं. तुमच्याकडं काय, माणसं एकटीच आजारी पडतात?"

राजवैद्यांना आठवले. त्या अकरा रोग्यांपैकी प्रत्येकाशेजारी कोणीतरी बसलेले होते. त्या सोबत्यांना 'आधी बाहेर व्हा' म्हणून राजवैद्यांनीच उठवले होते.

ते मागोमाग आलेल्या सुकरीकडे वळले. "सुकरी, हे तू वर्गात का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आजोबा. पहिल्याच वर्षी. आचार्य म्हणाले, पोथीत नाही. मग परीक्षेत प्रश्न आला, डोंगरी रोगी आजार का लपवतो? आमची माणसं लबाड आहेत असं लिहिलं, तरच पास. माझ्या मामाच्या पोरानं पान कोरं ठेवलं आणि तो घरी गेला. मी लिहिलं. मला वैद्य व्हायचं होतं."

राजवैद्य उठले. भरल्या शाळेसमोर त्यांनी पोथी मागवली आणि आपल्या धड्यावर आडवी रेघ ओढली.

"धडा माझा, चूकही माझी," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "रोगी लपवत नव्हता. सांगणाऱ्याला मीच हाकलून दिलं होतं. आज ह्या शाळेत बरोबर तपासणी एकीनंच केली आणि तिलाच आपण नापास करत होतो."

आचार्य खाली मान घालून म्हणाले, "मग आता आम्ही शिकवायचं काय?"

"ते मला विचारू नका. मला चार दिवसांचंच ठाऊक आहे. ह्या बाईंना विचारा."

"शिकवीन की," बाई म्हणाली. "पण आधी भाऊ बरा होऊ दे. आणि बसायला काहीतरी द्या, ही फरशी गार आहे."

सुकरीने रोग्याची छाती पट्ट्यांनी बांधली. दीड महिन्यात तो पुन्हा चालू लागला. सुकरी वैद्य झाली. राजवैद्यांनी राजाला सांगितले, "मुलं कच्ची नव्हती, महाराज. कच्चा मी होतो." राजाने परत गेलेल्या मुलांना सन्मानाने बोलावणे धाडले. ते घेऊन सुकरी स्वतः घरोघरी गेली आणि नऊ जणांना घेऊन आली.

बाईचा पहिला वर्ग भरला, तेव्हा पुढच्या रांगेत एक पिकल्या दाढीचा विद्यार्थी बसला होता. त्याचे पहिलेच उत्तर चुकले.

"पुन्हा सांगा, बाबा," बाई म्हणाली. "दरडावत नाही मी."

सारा वर्ग हसला. राजवैद्यही हसले आणि त्यांनी पुन्हा उत्तर दिले.

म्हणून लहानथोर हो, एवढे ध्यानात ठेवा: ज्यांच्याविषयी शिकवायचे, त्यांच्यापुढे आधी शिकायला बसावे.