शेवूच्या मापाची शांतता

जिथं चिमण्यासुद्धा तांब्याच्या ताटलीत अंघोळ करत, अशा एका गावात तांबटांची आळी होती. दिवसभर तिथं ठण्ण, ठण्ण, ठण्ण! इतरांना गंमत वाटे. चिमुकल्या शेवूच्या कानांत मात्र प्रत्येक ठोका दाभणासारखा घुसे. घर एका खोलीचं, त्यातच बाबांची ऐरण. पळणार कुठं?

"नाटकं नुसती!" शेजारच्या बनूकाकी म्हणत. "तांबटाची पोर आणि ठोक्याला भिते!"

एका दुपारी कान गच्च दाबून शेवू बकुळीच्या बागेत पळाली. तिथं गवतातल्या एका निळ्याजांभळ्या फुलाआड एक परी बसली होती, तीही कान झाकून! वेलदोड्याएवढी होती. मी शेजारी वेलदोडा ठेवून पाहिलाय.

"तुलाही दुखतं?" शेवू कुजबुजली.

"दुखतं तर! जो तो कानाशी ओरडतो, 'परी, हे दे, ते दे!' हळू बोलणारी तू पहिलीच. माग एक इच्छा. सूर्य बुडायच्या आत परत करता येईल, पण मग दुसरी मिळायची नाही हं."

"ठोके गप्प कर ना गं."

परीनं पंख झटकले. चंदेरी भुकटी उडाली आणि सगळी आळी शांत झाली. शेवूचे आखडलेले खांदे सैल झाले. ऊनसुद्धा मऊ वाटलं.

ती नाचत घरी आली. बाबा मांडीवर हंडा घेऊन बसले होते. हंड्याला हे एवढं भोक!

"पत्रा किती पातळ झाला, ते आवाजावरून कळतं गं बाळ. आज आवाजच येईना. सगळ्या आळीची भांडी फुटली. उद्या चूल कशी पेटायची?"

शेवू उंबऱ्यात उभी राहिली. ती शांतता सोडवेना. मग डोळे पुसत धावली.

"परी, परत घे."

"आणि तुझे कान?"

"दुखतील. पण बाबांना ऐकू यायला हवं."

"परत आलेली शांतता मी टाकून थोडीच देते!" परीनं इवल्याशा कात्रीनं त्या शांततेचे दोन गोल तुकडे कापले, आत सावरीचा कापूस भरला आणि शेवूच्या कानांवर बसवले. "ही तुझ्या मापाची. हवी तेव्हा घाल." एवढं बोलून ती केशरी उजेडात साखरेसारखी विरघळली.

घरी हंड्याचं भोक बुजलं होतं. शेवूनं बाबांना सारं सांगितलं.

"खरंच दुखायचं? मी हट्ट समजलो गं. चुकलंच माझं."

हल्ली बनूकाकीसुद्धा हाक मारण्याआधी लांबून हात हलवतात. आणि बाबा? हातोडा वर उचलतात आणि शेवूची मान हलेपर्यंत तसाच धरून ठेवतात.