न बुडालेले दोघे

एकदा एक नाटकमंडळी एका व्यापारी गावात मुक्कामाला होती. मंडळीत दोन तरुण शिष्य होते. हेरंब पदे लिही आणि इरावती त्यांना चाली बांधून गाई. हेरंबचे प्रेम एका पुरुषावर होते आणि इरावतीचे मन एका स्त्रीत गुंतले होते. आपल्यासारख्यांचीच कथा त्यांनी संगीत नाटकात रचली होती. दोन पुरुषांचे प्रेम, गावाने टाकलेला बहिष्कार आणि शेवटी दोघांची नदीत उडी.

पहिल्या प्रयोगाला गावातले एक शेठ आले होते. शेवटच्या पदाला ते हुंदके देऊन रडले. पडदा पडताच आत येऊन म्हणाले, "काळीज हललं हो! गावोगाव प्रयोग करा. सगळा भार माझ्यावर."

इरावतीला धन्य वाटले. पण त्यांचे वृद्ध गुरू, ज्यांना सारे बुवा म्हणत, शांतपणे म्हणाले, "शेठजी, आमचा पडदा ओढणारा विश्राम तुमचाच मुलगा. जोडीदारासोबत इथेच मागच्या खोलीत राहतो. त्याला भेटून जा."

शेठांचे डोळे अजून ओले होते.

"मला मुलगा नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

दोरीपाशी उभ्या असलेल्या विश्रामने ते ऐकले.

इरावती संतापली. "बुवा, हे काय केलंत? नाटकाचा आधार गेला, आणि त्या बिचाऱ्याला उगाच..."

"त्यानंच सांगितलं होतं, विचारून बघा म्हणून. बापाला रडताना पाहून त्याला आशा वाटली." बुवा म्हणाले. "पोरी, मेलेल्यांसाठी रडणं सोपं असतं. ते दार वाजवत नाहीत, पंगतीला बसत नाहीत. तुम्ही त्या दोघांना बुडवलंत, म्हणून शेठ रडू शकले. ते जगले असते, तर त्यांचं काय करायचं हे शेठना ठरवावं लागलं असतं. त्यातून तुम्हीच शेठांची सुटका केलीत."

इरावती विश्रामपाशी गेली. तो दोरी गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "ताई, उद्याही ते मरणार का? पडदा मलाच पाडावा लागतो."

इरावती आणि हेरंबने शेवट पुन्हा लिहायला घेतला. आता ते दोन पुरुष नदीपलीकडे राहतात, म्हातारे होतात, आमटीतल्या मिठावरून भांडतात आणि एकाच ताटात जेवतात. मरणाची चाल इरावतीला एका दिवसात सुचली होती. या जेवणाच्या चालीला आठ दिवस लागले.

शेठांचा आश्रय परत मिळाला नाही. नव्या प्रयोगात ते पद सुरू झाले आणि निम्मे लोक उठून गेले. कोणी रडले नाही, टाळीही पडली नाही. हेरंब मान खाली घालून बसला. इरावती मात्र रिकाम्या होत जाणाऱ्या रांगांकडे पाहत गात राहिली. बुवांचे म्हणणे तिला आता पुरते उमगले होते. जे बसून राहिले, त्यांना त्या दोघांना जेवताना पाहावेच लागले.